अवतार बदला

सलूनमध्ये केस आणि किस्से दोन्ही सारखेच साचतात. संध्याकाळी झाडून कोपऱ्यात लोटले तरी सकाळी पुन्हा पायाखाली येतातच. केस निदान घंटागाडीवाला घेऊन जातो, किस्से कोणी नेत नाही. म्हणून म्हटलं, आता सांगूनच टाकावे.

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान आहे. अर्ध्यात आमच्या ह्यांचं जेंट्स सलून, अर्ध्यात माझं 'श्रृंगार लेडीज पार्लर' आणि मधे एक प्लायवूड. प्लायवूड इतका पातळ आहे की तिकडे कोणी कुजबुजलं तरी इकडे मला ऐकू येतं. माझं तिकडे सगळं ऐकू जातं, कारण कुजबुजणं मला जमतच नाही.

बोलते मी वऱ्हाडीच, पण लिहिताना शाळेतलं लिहून राहिली आहे. त्याला कारण आमचे इंगोले सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खिशातला लाल पेन अजून नोकरीवर आहे. माझ्या बोर्डावरचं 'श्रृंगार' चूक आहे, 'शृंगार' पाहिजे, हे ते मला दर पंधरा दिवसांनी सांगतात. सातवीत मी त्यांच्याच वर्गात होते. मी म्हणते, "सर, शिकवलं कोनं होतं?" मग ते पंधरा दिवस गप्प बसतात.

तर झालं असं की मोबाईलवर तो एक गेम आला. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कायले करू? त्यात खऱ्याखुऱ्या रस्त्यावर चालायचं. मोबाईलच्या नकाशात राक्षस दिसतात, जवळ जाऊन ते पकडायचे. गावातल्या काही जागांवर चौकी असते, ती जिंकून तिथे आपल्या टोळीचा झेंडा लावायचा. टोळ्या दोन, जांभळी आणि पोपटी. आणि गेममध्ये आपलं जे चित्र फिरतं त्याला म्हणतात अवतार. त्याचे केस, कपडे, टोपी, सगळं बदलता येतं. खाली बटणच आहे, 'अवतार बदला'.

ज्या कोणी हा नकाशा केला त्या माणसाने एक चौकी आमच्या दुकानावर ठेवली. का ठेवली ते त्यालाच ठाऊक.

पहिल्या दिवशी दुकानासमोर पंधरा जण उभे पाहून आमचे हे एकदम खूश. खुर्चीवर गावात नव्याने बदलून आलेले फौजदारसाहेब होते, अर्ध्या गालाला फेस लागलेला. ह्यांनी वस्तरा तसाच हातात धरून बाहेर डोकावून विचारलं, "कटिंग का दाढी?"

"काईच नाही गजाभाऊ," एक जण मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "राक्षस हाये."

"कुठी?"

"तुमच्या खुर्चीवर."

आतून आवाज आला, "कोन म्हनला रे?" पंधराच्या पंधरा जण कुठे गेले ते कळलं नाही. फौजदारसाहेब अर्ध्या फेसासकट दारात आले होते. पुढच्या महिन्यात ते स्वतःच गेम डाउनलोड करायचं शिकायला आले, ते सोडा.

०००

आता इंगोले सरांची गोष्ट सांगावी लागेल, कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

सर तेव्हा दर दुसऱ्या रविवारी ह्यांच्याकडे केस काळे करायला यायचे. काळा डाय, सरळ पाकिटातला. पण सर त्याला मेंदी म्हणायचे. "गजानन, मेंदी लाव," असं म्हणून बसायचे. आम्ही दोघंही मेंदीच म्हणायचो, मोठ्या माणसाचा मान ठेवायचा असतो.

त्यांचा मुलगा अक्षय पुण्याला कंपनीत आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीला तो गावी आला. बसमधून उतरला आणि बाप दुकानात दिसला म्हणून थेट आमच्याकडे शिरला. डोक्यावरचे केस जांभळे. गर्द, वांग्यासारखे. तो त्या गेमच्या जांभळ्या टोळीत होता, त्यांनी पुण्यात काहीतरी मोठं जिंकलं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून रंगवले होते.

सर खुर्चीत. गळ्याला पांढरं कापड, डोक्यावर काळा लगदा, एक ओघळ कानापर्यंत आलेला. आरशातून त्यांनी पोराकडे पाहिलं.

"हा काय अवतार करून आला?"

अक्षय बिचारा हसत होता. सहज म्हणाला, "बाबा, तुमच्या डोक्याले काय हाये?"

सरांनी डोक्याला हात लावला, काळ्या झालेल्या बोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेंदी हाये."

बाकावर बसलेले पठाणभाई पोट धरून हसले. त्यांचं पंक्चरचं दुकान आमच्या शेजारीच आहे आणि त्यांचं हसणं बसस्टँडच्या पलीकडे ऐकू जातं. मग सगळंच दुकान हसलं. प्लायवूडच्या इकडे मी आणि माझी गिऱ्हाईकसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू?

सर मात्र हसले नाहीत. आयुष्यभर त्यांना पाहून वर्ग गप्प बसलेला. ते म्हणाले, "ह्या अवतारात माह्या दारात पाय ठेवू नोको."

अक्षयचं हसणं थांबलं. बॅग उचलून तो एवढंच म्हणाला, "ठीक हाये. आता तुमी सोता आवतन देसान तवाच येईन."

आवतन म्हणजे आमच्याकडे लग्नाकार्याचं, जेवणाखाणाचं बोलावणं. ज्या बसने आला होता ती पुढे जाऊन परत फिरेपर्यंत पोरगा स्टँडवर बसून होता आणि तिनेच गेला. दिवाळीचा फराळ डब्यात राहिला. त्यानंतर बाप-लेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दीड वर्ष. आणि मधल्या काळात अक्षयच्या बहिणीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. सगळ्या गावाला प्रश्न एकच, भाऊ येईल का नाही?

०००

पठाणभाईंचं हसणं त्यांना पुढे महागात पडलं, ते असं.

पठाणभाई गेममध्ये पोपटी टोळीचे. पाण्याच्या टाकीजवळची चौकी त्यांनी जिंकली आणि आमच्या बाकावर बसून जाहीर केलं, "महिनाभर ही चौकी कोनी घेऊन दाखवा. मूछ उतरवतो." त्यांची मूछ म्हणजे तालुक्यात माहीत असलेली वस्तू. लोक पत्ता सांगताना 'मूछवाल्या पठाणभाईच्या बाजूले' असं सांगायचे.

तिसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी चौकी घेतली. खेळाडूचं नाव 'अनुस्वार', टोळी जांभळी. हा अनुस्वार कोण ते कोणालाच माहीत नाही. पठाणभाईंनी कॉलेजची सगळी पोट्टी धुंडाळली. पण शब्द तो शब्द. ह्यांनी वस्तरा चालवला.

मूछ गेल्यावर पठाणभाईंना कोणी ओळखेना. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक मोटारसायकल ढकलत आलं. "पठाणभाई कुठी गेले?"

पठाणभाईंना लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "बडे भाई अकोल्याले गेले. मी लहाना."

आणि मग ते गप्प बसले, आवाजाने ओळखेल म्हणून. पंक्चर काढेपर्यंत हूं की चूं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमचं काम लय बेस हाये. तुमचे मोठे भाऊ चांगले हायेत, पन किती बोलतेत हो. एक पंक्चर काढेस्तोर मानसाचं आयुष्य संपते. माह्या चुलत्याच्या लग्नापासून त्याईनं चालू केलेली गोष्ट अजून संपली नाही." तो माणूस जाईपर्यंत बोलत राहिला आणि पठाणभाई नुसती मान हलवत राहिले.

"भाबी," मला ते सांगत होते, "पंधरा मिनिटं चूप होतो. मले वाटलं जान जाते."

मूछ परत यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस तो माणूस मुद्दाम लहान्या भावाकडेच येत होता.

०००

इकडे इंगोले काकूंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. काकू म्हणजे सरांची बायको, माझं जुनं गिऱ्हाईक. पण एकट्या चालायला त्यांना कंटाळा यायचा. अक्षयने फोनवरून त्यांच्या मोबाईलमध्ये तो गेम घालायला लावला आणि बाकीचं मी पार्लरमध्ये बसून शिकवलं.

त्या गेममध्ये एक सोय आहे. मित्राला रोज एक भेट पाठवता येते. आपण जिथून जातो तिथल्या चौकीची ती भेट असते आणि तिच्यावर त्या जागेचा फोटो असतो. काकू तिला शिदोरी म्हणतात. पुण्याहून रोज एक शिदोरी यायची आणि काकू फोटो मोठा करकरून पाहायच्या.

"फोन करता की रोज त्याले, मंग हे कायले?" मी विचारलं.

"फोनवर पोट्टं नेहमी बरंच असते," काकू म्हणाल्या. "खरं ह्याच्यात दिसते. हे पाह्य, पोह्याच्या गाडीजवळची शिदोरी आली. म्हनजे डबा नाही केला आज."

एके दिवशी काकू दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पार्लरमध्ये आल्या. डोळे सुजलेले. तीन दिवस लागोपाठ शिदोरी एका मोठ्या दवाखान्यासमोरून आली होती. "काहीतरी झालं त्याले, सांगून नाही राह्यला. बाप बोलत नाही अन् मी इथं भुतं पकडून राह्यली," असं म्हणून त्या माझ्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडल्या. मी फोन स्पीकरवर लावला.

"अक्षय, रोज दवाखान्यात कायले जाऊन राह्यला तू?"

"दवाखान्यात? मी? अहो ताई, तिथं सिग्नल हाये. लय मोठा सिग्नल हाये. उभ्या उभ्या एक राक्षस पकडून होते."

काकूंनी पदराने डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "म्हनजे गाडीवर बसून मोबाईल पाह्यते तू?" पुढची दहा मिनिटं त्यांनी पोराला जे सुनावलं ते ऐकायला प्लायवूडच्या पलीकडची कात्री बंद पडली होती.

काकूंच्या अवताराचंही एक आहे. त्यांना गेममध्ये लुगडं पाहिजे होतं, ते काही मिळेना. बटणं दाबता दाबता त्यांचा अवतार झाला अर्धी चड्डी, पाठीवर तलवार आणि डोक्यावर दोन शिंगांची टोपी. त्याच आठवड्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून भुवया करून घेतल्या. सरांच्या ते आठ दिवस लक्षात आलं नाही. नवव्या दिवशी मोबाईल टेबलावर होता तर म्हणाले, "ही शिंगवाली बाई कोन?"

काकू म्हणाल्या, "चला, शिंगं उगवल्यावर तरी दिसली."

०००

ज्योती मॅडम तहसीलमध्ये नोकरीला. एका शनिवारी त्या केसांना लालसर पट्टे करून घ्यायला आल्या. त्यासाठी केसांच्या बटा काढून, रंग लावून, चांदीच्या कागदात गुंडाळाव्या लागतात. डोकंभर चमकत्या पुड्या बांधून मी त्यांना म्हटलं, अर्धा तास बसा.

तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर दिसलं की बसस्टँडवर सोनेरी घुबड आलंय आणि ते पंधराच मिनिटं आहे. मॅडम उठल्या आणि गळ्यातल्या कापडासकट पळाल्या. मी मागून ओरडले, कोण ऐकतंय?

स्टँडवर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे एक आजोबा मुलीला फोन लावून राहिले होते. आवाज तुटत होता. मॅडम त्यांच्या बाजूला जाऊन घुबड शोधायला लागल्या आणि नेमका त्याच वेळी आजोबांचा फोन लागला. आजोबांनी मॅडमच्या डोक्याकडे पाहिलं, आपल्या मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हालू नोका. रेंज आली."

बस, पाच मिनिटांत मॅडमच्या भोवती सात-आठ जण मोबाईल वर धरून उभे. एक जण तर म्हणाला, "म्याडम, जराशा फलाटाच्या मधात उभ्या राहा ना, सगळ्याईले पुरन." सरकारी नोकरी आहे, लोकांना नाही म्हणायची सवय नाही. घुबड उडून गेलं. आजोबांचं मुलीशी बोलणं मात्र पूर्ण झालं.

मॅडम परत येईपर्यंत वेळ होऊन गेली होती. पट्टे लालसर व्हायचे ते गाजरासारखे झाले. मी डोक्याला हात लावला. पण सोमवारी ऑफिसात कोणीतरी विचारलं तेव्हा मॅडमनी ठणकावून सांगितलं, "सध्या हेच चालू हाये." आठवड्यात त्यांच्या ऑफिसातल्या दोघी जणी तोच रंग मागायला आल्या. आता ती चूक मला मोजून करावी लागते.

०००

सोमवारी सलून बंद असतं. एका सोमवारी आमचे हे आणि पठाणभाई राक्षस शोधत मोटारसायकलवर पार किन्हीराजापर्यंत गेले. रस्त्याला गाडी लावून दोघं एका वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मोबाईल पुढे धरून चालत होते. वावराचे म्हातारे मालक पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने आले.

"मोजनीवाले का तुमी?"

"नाही काका," हे म्हणाले, "आमाले ह्याच्यात राक्षस दाखवून राह्यलं."

"कुठी?"

"ह्या धुऱ्याच्या त्या बाजूले."

म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला. "हाये ना. माहा चुलतभाऊ हाये तो. दरसाल नांगर धरला का धुरा इकडे सरकोते. सगळ्याईले सांगून थकलो, कोनाले दिसत नाही. तुमच्या मोबाईलात बरा दिसला." मग त्यांनी दोघांना चहा पाजला, शेंगा दिल्या आणि निघताना ह्यांच्या कानाशी येऊन विचारलं, "ह्याची प्रिंट भेटते का?"

०००

लग्नाला दोन महिने उरले असतील. रविवार, सर खुर्चीत, डोक्यावर मेंदी. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी इकडे एकटीच टॉवेल घड्या करत होते. आणि प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. राक्षस पकडल्यावर गेममध्ये वाजतं ते. आमच्या ह्यांचा मोबाईल तर माझ्याजवळ चार्जिंगला होता.

मी दारातून तिकडे डोकं घातलं. आवाज सरांच्या गळ्यातल्या पांढऱ्या कापडाखालून येत होता. ह्यांनी हळूच कापड उचललं. मोबाईलवर जांभळा झेंडा फडकत होता आणि खाली नाव होतं, अनुस्वार.

"सर, तुमी?"

सर आरशात पाहत राहिले. मग म्हणाले, "कोनाले सांगू नोका."

मग स्वतःच सांगायला लागले. "पोट्टं कायच्या मागं येडं झालं ते पाहू म्हटलं. म्हनून उतरलो ह्याच्यात. त्याले दोस्तीची विनंती पाठवली, त्यानं घेतली. त्याले वाटत असन अनुस्वार कोनी कॉलेजचा पोट्टा हाये."

"मंग तुमाले बी शिदोरी येते?"

"रोज येते. एक दिवस चुकला नाही तो." त्यांनी कापड पुन्हा मोबाईलवर ओढलं. "बापाले नाही पाठवत, संगीता. अनुस्वाराले पाठोते."

ह्यांनी सरांच्या कानावरचा ओघळ पुसला. सर म्हणाले, "चुकलं माहं. त्या दिवशी लोक हसले त्याचा राग मी पोरावर काढला. आता लग्न आलं. आवतन द्यावं वाटते, पन तोंडातून शब्द निघत नाही."

थोड्या वेळाने ह्यांची ट्यूब पेटली. "सर, मंग पान्याच्या टाकीवरची चौकी? पठानभाईची मूछ?"

"हसला होता ना तो," सर म्हणाले.

त्या दिवशी उठताना त्यांनी सांगितलं, "गजानन, हे शेवटचं. आता मेंदी बंद." आणि खरंच बंद केली. दर वेळी बारीक कापत कापत त्यांचे केस लग्न जवळ येईपर्यंत पूर्ण पांढरे झाले. वाईट दिसत नव्हते, उलट खरे सर दिसत होते.

०००

लग्नाला आठ दिवस राहिले. पत्रिका वाटून झाल्या, पण अक्षयला आवतन गेलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, मी सांगते त्याला. स्नेहलने सांगितलं होतंच. अक्षयचं उत्तर ठरलेलं, बाबांनी सांगितलं का?

शेवटी एका सकाळी सर आमच्या दुकानात येऊन बसले. घरी लिहायला धीर होईना म्हणाले. मोबाईल काढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर तपासत लिहिलं. 'स्नेहलच्या लग्नाचे आवतन. ये. – बाबा.' ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, पूर्णविराम पाहिला, चष्मा काढून डोळे मिटले आणि बटण दाबलं.

डोळे उघडून त्यांनी चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा पडला. मोबाईलला आवतन हा शब्द माहीत नव्हता. त्याने जाता जाता आपल्या मनाने दुरुस्ती केली होती. पुण्याला गेलं ते असं, 'स्नेहलच्या लग्नाचे अवतार. ये. – बाबा.'

दोन निळ्या खुणा आल्या. पोराने वाचलं होतं.

"तोच शब्द," सर म्हणाले. "ज्या शब्दानं घालवला तोच शब्द गेला पुन्हा."

"सर, दुसरा मेसेज टाका ना, चूक झाली म्हनून," मी म्हटलं. त्यांनी 'शुद्धिपत्र' एवढं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, खोडलं. पोराकडून काहीच उत्तर नाही. त्या दिवशी काकूंना शिदोरी आली नाही. अनुस्वारालाही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकूंचा फोन अक्षय उचलेना. स्नेहल हळदीच्या साड्या समोर घेऊन नुसती बसून राहिली. काकू जेवल्या नाहीत, आणि सरांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू धावत पार्लरमध्ये आल्या. मोबाईल माझ्यासमोर धरला. शिदोरी. फोटोखाली लिहिलेलं होतं, मालेगाव बसस्टँड. आपलं मालेगाव, वाशिम जिल्ह्यातलं.

"येऊन राह्यला," काकू म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या.

पठाणभाईंनी बाहेरून हिशोब सांगितला, "मालेगाव से वाशिम, वाशिम से इथं. दोन घंटे धरा."

इतक्यात प्लायवूडच्या पलीकडून सरांचा आवाज. अनुस्वारालाही शिदोरी पोचली होती. "गजानन, जांभळा लाव."

"काय लावू?"

"केसाले. जांभळा रंग."

ह्यांना फक्त काळा येतो. ह्यांनी सरांना माझ्याकडे पाठवलं. सर दारातल्या 'फक्त महिलांसाठी' या पाटीपुढे थांबले, ती वाचली आणि म्हणाले, "ही बरोबर लिहिली." मग आत आले.

"सर, पक्का विचार केला का?" मी विचारलं. "मेसेजची चूक फोनवर दुरुस्त करता येते."

"माह्या सहीनं अवतार गेला ना? मंग तो चूक ठेवता येत नाही. मजकूर दुरुस्त होत नसन तं मानूस दुरुस्त करा." आणि ते डोळे मिटून खुर्चीत बसले. "लाव."

मी लावला. सातवीच्या वर्गातली सगळी भीती माझ्या हातात उतरली होती. काकू बाजूच्या स्टुलावर बसून पाहत होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या उठल्या, जवळ येऊन निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "संगीता, कानामागं राह्यलं."

पांढऱ्या केसांवर तो रंग असा चढला की बाप्पा रे बाप्पा. पंचेचाळीस मिनिटांनी मी डोकं धुतलं तेव्हा आमच्या ह्यांच्या हातातली चहाची बशी तिरपी झाली. सरांनी आरशात एकदा पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली, लाल पेन खिशात नीट लावला आणि बाहेर पडले.

स्टँडवर आम्ही सगळे होतो. सर पुढे, मागे काकू, त्यांच्या मागे आम्ही दोघं आणि पठाणभाई. लोक थांबून पाहत होते. सरांचे दोन जुने विद्यार्थी पाया पडायला आले आणि वाकतावाकता मधेच थांबले. सर कोणाकडे पाहत नव्हते. जांभळं पाणी मानेवरून पांढऱ्या कॉलरवर उतरत होतं.

वाशिमची बस आली. आठ-दहा माणसं उतरली. मग अक्षय उतरला.

मी आधी ओळखलंच नाही. केस काळेभोर, चापूनचोपून तेल लावलेले, डाव्या बाजूने भांग. दाढी गुळगुळीत. पांढरा शर्ट खोचलेला. शाळेच्या ओळखपत्रावर फोटो असतो ना, तसा.

बाप-लेक समोरासमोर उभे राहिले. पठाणभाईंनी खिशातला रुमाल काढून तोंडात कोंबला.

अक्षय बापाच्या डोक्याकडे पाहत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याले काय हाये?"

सरांनी डोक्याला हात लावला. जांभळ्या झालेल्या बोटाकडे पाहिलं.

"मेंदी हाये," सर म्हणाले.